विहिरीतल्या सात कोळंब्या

कॉलेजात त्याला सगळे अडक्या म्हणत. बोलताना तो अडखळायचा. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांशी येऊन थांबायचं, मान किंचित वर जायची, डोळे मिटायचे, आणि समोरच्याला वाटायचं, आता हा शिंकणार. बहुतेक लोक वाट न बघता त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकत, आणि तेही चुकीचं. मग तो 'हो' म्हणून मोकळा व्हायचा. अशा कितीतरी गोष्टींना त्याने आयुष्यात हो म्हटलं होतं, ज्या त्याला म्हणायच्याच नव्हत्या.

एकविसाव्या वर्षी तो प्राणिशास्त्र विभागात शिपाई म्हणून लागला. काम बाटल्या धुण्याचं होतं. ते त्याच्या पथ्यावर पडलं, बाटल्यांशी बोलावं लागत नाही. पण अक्षर त्याचं असं होतं की बघणाऱ्याने दोनदा बघावं. विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, ते एकदा सामानाच्या यादीत पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला संग्रहालयात लेबलं लिहायला बसवलं.

संग्रहालय म्हणजे एक लांबट खोली. बेचाळीस काचेची कपाटं, त्यांत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले प्राणी, आणि खिडक्यांना हिरवे पडदे, उन्हाने रंग उडू नयेत म्हणून. जुनी लेबलं पिवळी पडून गळायला आली होती. त्याने ती एकेक करून नवीन लिहायची होती. ती प्राण्यांची नावं त्याला वाचताही येत नव्हती. चित्र काढावं तशी तो अक्षरं काढायचा. तिसऱ्याच दिवशी एका लेबलात त्याने एक अक्षर गाळलं आणि सरांनी बोलावून घेतलं.

तो हबकून उभा राहिला. सरांनी लेबल टेबलावर ठेवलं आणि पेन्सिलीने मधोमध रेघ मारून शब्दाचे दोन तुकडे केले.

"इक्थिस म्हणजे मासा. ओफिस म्हणजे साप. ग्रीक आहे. इक्थिओफिस, मत्स्यसर्प. आता बरणीत बघ."

बरणीत गांडुळासारखा, हातभर लांबीचा, पाय नसलेला प्राणी होता. सरांनी सांगितलं की हा मासाही नाही आणि सापही नाही, हा बेडकाचा भाऊबंद. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याला विचारायचं होतं ते ओठांशी अडलं. सर थांबले. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, घड्याळाकडे पाहिलं नाही, नुसते थांबले. शेवटी त्याने विचारलं, मग नाव खोटं आहे का?

"नाव ठेवणाऱ्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं. खरं काय ते मागाहून कळतं," सर म्हणाले. "म्हणून आपण निदान अक्षरं तरी खरी लिहायची."

त्या दिवसापासून रोज एक शब्द असा क्रम पडला. गास्टर म्हणजे पोट, पोदोस म्हणजे पायाचा. गॅस्ट्रोपॉड, पोटाने चालणारी गोगलगाय. खेइर म्हणजे हात, टेरॉन म्हणजे पंख. हाताचेच पंख झालेलं वटवाघूळ. एफेमेरोस म्हणजे एका दिवसापुरता. सकाळी पंख फुटून संध्याकाळी मरणारा किडा. समोरच्या वनस्पतिशास्त्र विभागानेही त्याला उसना घेतला, तेव्हा शेवंतीच्या क्रिसॅन्थेमम या नावातलं सोनं आणि युकॅलिप्टसची नीट झाकलेली कळी त्याला कळली. सगळं तो एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवी. आणि त्याच्या ध्यानात आलं की हे तुकडे त्याच्या तोंडून अडत नाहीत. र्‍हायनो, केरास. नाक, शिंग. एक तुकडा टाकायचा, श्वास घ्यायचा, दुसरा टाकायचा. इतर बोलणंही तो हळूहळू असं तुकड्यातुकड्यांनी करायला शिकला. तोवर तिशी उलटली होती.

बायको घरी शिवणकाम करायची. तिला या सगळ्याची गंमत वाटे. त्या ग्रीक लोकांना दुसरा काही उद्योग नव्हता का, असं ती विचारायची. एकदा डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तेव्हा त्याने लेकीला सांगितलं की हा शब्दही तिथलाच, हेलिक्स म्हणजे वेटोळं आणि टेरॉन म्हणजे तोच वटवाघळाचा पंख. बायको दोरा ओवता ओवता म्हणाली, मग माझ्या मशीनला काय म्हणायचं तेही सांगा. त्याने चार दिवस सरांचा जाडजूड कोश चाळला आणि पाचव्या दिवशी जेवताना गंभीर चेहऱ्याने 'राफोमेखान' असं जाहीर केलं. राफे म्हणजे शिवण, मेखाने म्हणजे यंत्र. ती हसता हसता लोळायची बाकी राहिली. पुढे कित्येक वर्षं ती शेजारणींना सांगायची, थांबा हं, जरा राफोमेखानला तेल घालते.

नोकरीच्या तेराव्या वर्षी एका उन्हाळ्यात आठवडाभर नळाला पाणी नव्हतं. वसतिगृहाच्या मागे एक जुनी विहीर होती, तिचं पाणी कुणी वापरत नसे. तो बाटल्यांसाठी तिथून पाणी ओढायला लागला. चौथ्या दिवशी बादलीत काहीतरी हललं. तांदळाच्या दाण्याएवढी एक कोळंबी होती, काचेसारखी आरपार. वाकून पाहिलं तर डोळ्यांच्या जागी काहीच नाही. करणाऱ्याच्या हातून राहून गेलं असावं तसं.

त्याने ती पेल्यात घालून सरांकडे नेली. सरांनी दुपारचे दोन्ही तास रद्द केले. सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढलं तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. अशी कोळंबी अजून कुणी नोंदलेली नाही, असं ते म्हणाले, आणि मग एवढंच म्हणाले की बायकोला सांग, उद्यापासून उशीर होईल.

दोघांनी मलमलीची जाळी शिवून घेतली, राफोमेखानवरच, आणि तीन आठवडे ती विहिरीत सोडली. एकूण सात सापडल्या. सरांनी त्या करंगळीएवढ्या कुपीत स्पिरिटमध्ये घातल्या, बूच लावलं, वर मेण ओतलं, आणि अडतिसाव्या कपाटात मागच्या फळीवर ठेवल्या. नाव मात्र त्यांनी ठेवलं नाही. ते काम त्यांनी त्याला दिलं.

विभागातल्या तरुण प्राध्यापकांनी लगेच सुचवलं, टायफ्लोस म्हणजे आंधळी, त्यावरून काहीतरी कर, सरळ आहे. त्याला ते रुचलं नाही. तो नऊ दिवस कोश घेऊन बसला. दहाव्या दिवशी सरांसमोर चिठ्ठी ठेवली. लाथ्रा म्हणजे लपून, बिओस म्हणजे जगणं. लाथ्रोबिओस.

"आंधळी नको, सर," तो म्हणाला. "अंधारात, डोळे नसणं, हे व्यंग नाही. आणि असलं तरी, त्यावरून, हाक मारू नये."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग चिठ्ठीवर पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि ती आपल्या कागदांत लावली. कॉलेजात एकट्या सरांनी त्याला कधी अडक्या म्हटलं नव्हतं, हे त्याच्या त्या दिवशी लक्षात आलं.

नाव ठरलं, पण नाव नुसतं ठरून भागत नाही. प्राण्याचं पुरं वर्णन करावं लागतं, चित्रं काढावी लागतात, ते छापून यावं लागतं. तोवर ते नाव जन्माला आलेलं नसतं. सरांना घाई माहीत नव्हती. त्यांना जगातल्या प्रत्येक नातलग कोळंबीशी ही ताडून पाहायची होती. दूरदूरच्या संग्रहालयांना पत्रं जायची, वर्षाने उत्तरं यायची, त्यातून नवीन शंका निघायच्या. पाच वर्षं गेली, सात गेली. दरम्यान वसतिगृहाची नवी इमारत निघाली आणि विहिरीत राडारोडा टाकायला सुरुवात झाली. सरांनी अर्ज केला. अर्जाला उत्तर आलं तेव्हा त्या जागेवर स्लॅब पडून सुकला होता. भराव चालू होता तोवर तो रोज डबा खाऊन तिकडे जाऊन उभा राहायचा. ट्रक मागे सरकायचा, पाठ उचलायचा, आणि विटांचे तुकडे आत कोसळताना सुरुवातीला पाण्याचा आवाज यायचा. पुढेपुढे नुसता विटांचा यायला लागला.

आता जगात त्या सातच होत्या.

सर निवृत्त झाले. नंतर आलेल्या मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांचं काम जंतूंवर आणि यंत्रांवर चालायचं. बरण्यांतले प्राणी त्यांना जुन्या घरातल्या सामानासारखे वाटत. टाकवत नाहीत, आणि ठेवायला जागा नाही. स्पिरिटची खरेदी कमी होत होत वर्षाला दोन कॅनवर आली. स्पिरिट उडून जातं. बूच कितीही घट्ट असलं तरी जातं. तो एका कपाटातून वाचवून दुसऱ्यात घालायचा.

मग तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. प्राचार्यांनी फर्मान काढलं की दर्शनी कपाटांतल्या बरण्या गळ्यापर्यंत भरलेल्या दिसल्या पाहिजेत. त्याच्याकडे एकच कॅन होता. तो आधी अडतिसाव्या कपाटाशी गेला. कुपीतलं स्पिरिट निम्म्यावर आलं होतं, मेणाला तडा गेला होता. एक चमचा पुरला असता. त्याने विचार केला की आधी मोठ्या बरण्या उरकू, शेवटी चमचाभर उरेलच. दोन दिवस तो शार्क, अजगर, कासव भरत होता. शेवटी कॅनच्या तळाशी खरोखरच चमचा-दोन चमचे उरले. पण ऑक्टोपसच्या एका हाताचं टोक वर उघडं पडलं होतं, आणि समिती दुसऱ्या दिवशी सकाळीच येणार होती. त्याने उरलेलं स्पिरिट ऑक्टोपसवर ओतलं. पुढच्या महिन्यात नवा कॅन येईल, असं मनाशी म्हणाला.

समिती आली, चहा पिऊन गेली. संग्रहालयात कुणी डोकावलंही नाही.

त्याच आठवड्यात बायकोच्या पोटात दुखायला लागलं. आधी ती अंगावर काढत होती, मग एक दिवस मशीनवरच वाकून पडली. शस्त्रक्रिया झाली, टाके पिकले, पुन्हा उघडावं लागलं. पाच महिने तो रजेवर होता. तिला उठवणं, पुसणं, भरवणं, औषधांच्या वेळा सांभाळणं. त्या पाच महिन्यांत कुपीची आठवण त्याला दोनदा झाली. दोन्ही वेळा दवाखान्याच्या व्हरांड्यात टेलिफोन समोर होता. फोन तो टाळायचा. समोर तोंड दिसत नसेल तर माणसं त्याच्यासाठी थांबत नसत, फोन बिघडला असं समजून ठेवून देत. अडतिसावं कपाट, मागची फळी, चमचाभर स्पिरिट, एवढं सगळं कुणाला आणि कसं सांगायचं? दोन्ही वेळा तो टेलिफोनवरून पुढे गेला.

परत आला त्या दिवशी सकाळीच त्याने कपाट उघडलं. कुपी कोरडी होती. आतल्या काचेला तपकिरी चुरा चिकटला होता, त्यात एक शेपटी ओळखू येत होती. सुकलेला नमुना सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून थोडाफार सावरतो, हे सरांनीच शिकवलं होतं. त्याने ते करून पाहिलं. पाय सुटून तरंगू लागले, नंतर शेपटीही विरली. संध्याकाळपर्यंत बशीत गढूळ पाणी तेवढं होतं. त्याने ते पुन्हा कुपीत ओतलं, बूच लावलं. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरी त्याने काही सांगितलं नाही, पण बायकोने चेहरा वाचला. खोदून खोदून विचारून तिने सगळं काढून घेतलं. मग ती उशीला टेकून बसली.

"माझ्यामुळे झालं का हो?" तिने विचारलं.

त्याला नाही म्हणायचं होतं. तोच शब्द नेमका अडला. मान वर गेली, डोळे मिटले. अक्षर सुटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, आणि तो 'नाही' म्हणाला तोवर तिने भिंतीकडे कूस वळवली होती. नंतर त्याने ते पुन्हा पुन्हा सांगितलं, पण जो अर्थ घ्यायचा तो तिने घेऊन टाकला होता. पुढे ती बरी झाली, हिंडू-फिरू लागली. मशीनला मात्र मशीनच म्हणायला लागली.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तो सरांकडे जायचा, आधीपासूनच. निवृत्तीनंतर सरांनी कोळंबीवरचा लेख खरोखर लिहायला घेतला होता. नजर अधू झालेली, हात कापायचा. रोज सकाळी तीन तास, जुनी चित्रं भिंगाखाली धरून, ते एकेक ओळ लिहायचे. तो गेला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"कोळंब्या बऱ्या आहेत ना रे?"

पहिल्यांदा, कुपी वाळल्यावरच्या रविवारी, तो उत्तर द्यायला लागला तेव्हा त्याला वाटलं होतं की खरं तेच तोंडातून येईल. आलं ते 'आहेत'. न अडखळता आलं. इतकं सरळ की सरांनाही कौतुक वाटलं. तुझं बोलणं बरंच सुधारलं, असं ते म्हणाले. त्यानंतर दर महिन्याला तो तेच म्हणत राहिला. परत येताना वाटेत ठरवायचा की पुढच्या वेळी सांगायचं. पुढच्या वेळी सर नवं पान वाचून दाखवायचे, आणि त्या आवाजात असं काही असायचं की याची जीभ उचलत नसे. चार वर्षं गेली.

एका रविवारी सर दारातच उभे होते. लेख पुरा झाला होता. फक्त शेपटीच्या कडेवरचे काटे एकदा शेवटचे मोजायचे होते, त्या चित्रावर कधीतरी पाणी सांडलं होतं. शिवाय लेखासोबत नमुना कुठे आणि कोणत्या क्रमांकाखाली ठेवलाय तेही द्यायचं होतं. नमुना नाही तर नाव नाही, हे त्याला सरांनीच पूर्वी कधीतरी शिकवलं होतं. ते म्हणाले, पुढच्या वेळी कुपी घेऊन ये, इथे खिडकीत बसून मोजू.

तो महिना त्याने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. पहिल्या रविवारी त्याने कुपी रुमालात गुंडाळली आणि गेला.

सरांनी भिंग तयार ठेवलं होतं. कुपी हातात घेऊन त्यांनी उजेडाकडे धरली. तळाशी मातकट साका बसला होता. त्यांनी ती हलवली. साका उठला, फिरला, पुन्हा बसला.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

टेबलावर लेखाचे कागद नीट रचून, वर काचेचा गोळा ठेवून तयार होते.

"आणि तू मला लिहू दिलंस," ते म्हणाले.

त्याला सांगायचं होतं. समिती, ऑक्टोपस, चमचाभर स्पिरिट, दवाखाना, व्हरांड्यातला टेलिफोन. तुकडे करून सांगायला गेला तर पहिला तुकडाही सुटेना. सर थांबले. आयुष्यभर थांबत आले तसेच थांबले, कितीतरी वेळ. त्याची मान वर गेली, डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द आला नाही. मग सरांनी कुपी त्याच्या हातात परत दिली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"जा आता," ते म्हणाले.

सर त्यानंतर सात महिने जगले. तो तीनदा गेला. तिन्ही वेळा सूनबाई दारात येऊन म्हणाल्या, बाबा झोपलेत. तिसऱ्या वेळी आतून रेडिओ ऐकू येत होता आणि सरांचं खोकणंही. चौथ्यांदा तो गेला नाही. सर वारल्याची बातमी त्याला कॉलेजच्या फळ्यावर कळली.

वही त्याने बंद केली. परगावी दिलेली लेक फोनवर कधी लाडाने विचारायची, बाबा, अमुक शब्दाची फोड सांगा ना. तो म्हणायचा, आता आठवत नाही. आठवत सगळं होतं. रस्त्याने जाताना झाडं, चिमण्या, गोगलगायी दिसल्या की मनात शब्द आपोआप दुभंगायचे आणि दोन्ही तुकड्यांचे अर्थ उघडे पडायचे. त्याला ते थांबवता येत नव्हतं. पूर्वी त्यात जी गोडी होती ती जाऊन नुसती सवय उरली होती, दुखऱ्या दाताला जीभ लागावी तशी.

वर्षभराने सरांच्या घरून कागदांचं एक खोकं विभागात आलं. मॅडमनी वरवर चाळलं, त्याला बोलावलं, आणि विचारलं की काका, ही कुठली कोळंबी, आपल्याकडे नमुना आहे का? तो नाही म्हणाला. मॅडमना खरंच वाईट वाटलं. इतकं काम, त्या म्हणाल्या, आणि छापता येणार नाही. खोकं माळ्यावर गेलं.

नोकरीचं त्याचं शेवटचं वर्ष चालू होतं. संग्रहालयाच्या खोलीत संगणक बसवायचं ठरलं. चांगल्या बरण्या दुसऱ्या कॉलेजांना जाणार होत्या, बाकीच्या मोडीत. कपाटागणिक यादी करण्याचं काम त्याच्याकडे आलं, दुसऱ्या कुणाला ती नावं नीट लिहिता आली नसती. तीन रकाने होते: क्रमांक, नाव, स्थिती. दोन महिने तो लिहीत होता. अडतिसाव्या कपाटाच्या मागच्या फळीशी आला तेव्हा कुपी समोर ठेवून त्याने नावाच्या रकान्यात 'ला' एवढं लिहिलं, आणि मग उठून मॅडमकडे गेला. न छापलेलं नाव यादीत घालावं का, असं विचारलं. मॅडमनी क्षणभर विचार केला. घालू नका, त्या म्हणाल्या, पुढे कुणाचा तरी गोंधळ होईल. त्यांचं चुकत नव्हतं. सरही हेच म्हणाले असते.

त्याने परत येऊन ते अक्षर नीट खोडलं. शेजारी लिहिलं, कोळंबी, ओळख पटलेली नाही. स्थितीच्या रकान्यात लिहिलं, नष्ट. कुपी मोडीच्या टोपलीत ठेवली. मग एकोणचाळिसावं कपाट उघडलं आणि पहिली बरणी उतरवली.